तयारीची सभा

चेतनाच्या शिफारशीचं पत्र तयार होतं. टाईप केलेलं, सहा पंचांच्या सह्यांचं, मंडळीचा गोल शिक्का मारलेलं. फक्त ते तिच्या हातात नव्हतं. ते गंगाधर सरांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि सर त्या खिशावर हात ठेवून बोलत होते.

"उद्या तुला काही अवघड करायचं नाहीये," ते म्हणाले. "प्रभुभोजनाची भाकर घेऊन ओळीतून फिरशील ना, तेव्हा तिच्यासमोर थांबायचं नाही. पुढं सरकायचं. बस्स. कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

शुक्रवार पेठेतल्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला पाव नसे, ज्वारीची भाकर असे. का, तर सुरुवातीला गिरणीतल्या माणसांकडं तेवढंच होतं म्हणून. पुढं परवडायला लागलं तरी ती बदलली नाही. पाळकानं भाकर मोडायची आणि सतरंजीवर बसलेल्या एकेकाच्या हातात तुकडा ठेवत जायचं. वाटताना कोणाला वगळायचं, तर डोळ्यांत डोळे घालूनच वगळावं लागे. लक्षात येणार नाही म्हणे!

चेतना या मंडळीची पाळक, पण अजून अर्धीच. पदवी घेऊन आली, उमेदवारीची तीन वर्षं इथंच काढली. आता पंचांनी शिफारस केली की मे महिन्यात दीक्षा, आणि मग पूर्ण पाळक. शिफारस झाली नाही तर आवारातल्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या, आणि यंत्रमागाच्या तंतूंनी छाती निकामी झालेल्या बापाला घेऊन कुठं जायचं ते शोधायचं. शहात्तर वर्षांत या मंडळीला बाई पाळक मिळाली नव्हती. चेतना मिळाली ती एकाच माणसाच्या हट्टानं, आणि तो माणूस म्हणजे पंचांचे प्रमुख, हेच गंगाधर सर.

त्यांना दुष्ट म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण तरुणपणी ते विडी वळणाऱ्या बायकांबरोबर कारखान्याच्या दारात बसले होते. डाव्या कोपरावर लाठीची खूण अजून होती. "देव गरिबांच्या बाजूचा आहे. मध्ये उभा राहणारा देव मला माहीत नाही," असं ते रविवारच्या शाळेत पोरांना सांगत, आणि ते ऐकूनच बारा वर्षांच्या चेतनानं पाळक व्हायचं ठरवलं होतं. मोठी झाल्यावर तिनं प्रबंध लिहिला तोही मुक्तीच्या ईश्वरज्ञानावर. दलितांची मुक्ती, कामगारांची मुक्ती, बायकांची मुक्ती, सगळं त्यात आलं. पहिला वर्ग मिळाला. सरांनी पेढे वाटले.

"सर, ती गरीबच आहे," चेतना आता म्हणाली.

"गरिबीसाठी मी लाठ्या खाल्ल्यात, मला गरिबी शिकवू नकोस. ही गरिबीची गोष्ट नाही, ही देहाची गोष्ट आहे. त्यात मंडळीनं पडू नये."

"गरिबाला देह नसतो का सर?"

पण हे ती इतक्या हळू बोलली की तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही. सरांनी खिशावर दोनदा थोपटलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चल. पाच वाजत आले. सभा सुरू करू."

जिच्यासमोर थांबायचं नव्हतं ती म्हणजे ऋतुजा. मंडळीच्या पटावर तिचं नाव अजून नंदीशच होतं. आई मैंदर्गीची, मंडळीच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. नंदीश इथंच वाढला, पंधराव्या वर्षी इथंच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि आई गेल्यावर एक दिवस तो नाहीसा झाला. आठ वर्षांनी परत आली ती ऋतुजा. आली तेव्हा शर्ट-पँटमध्ये आली, मागच्या भिंतीला टेकून बसली, कोणी काही बोललं नाही. बिचारं आईविना पोर, असं सगळे म्हणाले. गेल्या रविवारी मात्र ती निळी साडी नेसून आली आणि बायकांच्या बाजूला तिसऱ्या सतरंजीवर बसली. त्या संध्याकाळीच पंचांची बैठक झाली.

हे पंचांचं झालं. चेतनाचं काय झालं होतं ते पंचांना माहीत नव्हतं.

मंडळीच्या मागच्या खोलीत शिवणवर्ग चाले. आठ मशिनी, शाळेच्या गणवेशांचं काम. चेतनानंच तो उभा केला होता आणि आल्या आल्या ऋतुजाला तिथं बसवलं होतं. तिचा हात असा साफ की कॉलरचं टोक इतर बायका तिच्याकडून पलटून घेत. दोन महिने छान चाललं. मग एक दिवस ती केसांत गजरा घालून आली आणि दुपारी सगळ्या बायका जात त्या मागच्या संडासात गेली. दुसऱ्या दिवशी तानाबाई चेतनासमोर उभ्या राहिल्या. तानाबाई वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या. "बाई, आमी बायका हाव. आमाला लाज हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मुक्तीवर प्रबंध लिहिलेल्या चेतनाची पाचावर धारण बसली. तिनं ऋतुजाला बाजूला घेतलं. "थोडे दिवस येऊ नकोस. जरा निवळू दे." ऋतुजानं मान हलवली, अर्धा शिवलेला शर्ट घडी करून ठेवला आणि गेली. चेतनानं अहवालात लिहिलं, 'वैयक्तिक कारणाने वर्ग सोडला.' पुढं महिन्याभरानं सात रस्त्याच्या सिग्नलला चेतना स्कूटीवर थांबलेली असताना समोर ऋतुजा दिसली, रिक्षापाशी टाळी वाजवून हात पुढं करताना. चेतनानं मान फिरवून सिग्नलकडं पाहिलं. ऋतुजानं तिला ओळखलं होतं. ती चेतनाची स्कूटी वगळून मागच्या गाडीकडं गेली. भीक मागायला तरी यायची, शिव्या तरी द्यायच्या! ती सोडून गेली, हे चेतनाला झोंबलं होतं आणि अजून झोंबत होतं.

सभेला चाळीसेक माणसं होती. तयारीची सभा म्हणजे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवसाची सभा. नियम मंडळी सुरू झाली तेव्हाचा. पाळकानं तीनदा विचारायचं, कोणाचं कोणाविरुद्ध मनात काही आहे का? कोणी 'आहे' म्हणालं, की त्या दोघांनी पुढं येऊन एका सतरंजीवर समोरासमोर बसायचं आणि सगळ्यांदेखत बोलायचं. दुखावलेला माणूस 'मिटलं' म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशी कोणालाच भाकर नाही. पूर्वी म्हणे यावरून भावाभावांची जमिनीची भांडणं मिटली, तुटलेली सोयरीक जुळली. पण गेल्या बावीस वर्षांत कोणी 'आहे' म्हणालं नव्हतं. भांडणं संपली होती असं नव्हे. लोकांनी ती चारचौघांत न सांगायला शिकून घेतलं होतं. पाळक तीनदा विचारी, लोक तीनदा गप्प बसत आणि चहा येई.

ऋतुजा तिसऱ्या सतरंजीवर होती. तीच निळी साडी. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

चेतनानं प्रार्थना केली. "कोणाचं कोणाविरुद्ध मनात काही आहे का?" तिनं विचारलं. कोणी हललं नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. जोतिराम पंच मोबाईल बघत होते. तिसऱ्यांदा तिनं भराभरा विचारलं, उत्तरासाठी थांबायचंच नाही अशा घाईनं, आणि शेवटचा आशीर्वाद म्हणायला हात उचलला.

"माझं हाय."

चेतनाचा हात हवेतच राहिला. ऋतुजा उभी होती. पदर खांद्यावरून पुढं घेतलेला, आवाज बारीक पण स्पष्ट.

जोतिराम पंचांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्याला बोलायचा अधिकार काय? हा तमाशा..."

"खाली बसा जोतिराम," गंगाधर सर म्हणाले. "पटावर नाव आहे."

"नंदीश म्हणून आहे!"

"आहे ना? मग बोलू दे." सर नियमाचे पक्के. आणि मनात कुठंतरी त्यांना बरंही वाटलं असावं. बायकांशी भांडण काढून ही आपल्या पायानंच बाहेर जाते, असं. त्यांनी विचारलं, "कोणाविरुद्ध आहे?"

"पाळकबाईंविरुद्ध."

चाळीस माणसांनी एकदम चेतनाकडं पाहिलं. पहिला विचार तिच्या मनात आला तो स्वार्थाचा होता, आणि तो आला हे तिला नंतरही विसरता आलं नाही: हिला कळलंय का, की माझं पत्र सरांच्या खिशात आहे? मला बुडवायलाच उठलीय का?

कोणीतरी पुढं सतरंजी टाकली. चेतना चौथऱ्यावरून उतरून खाली बसली. ऋतुजा समोर येऊन मांडी घालून बसली. इतक्या जवळून चेतनानं तिला तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. गाल आत गेले होते, आणि डाव्या भुवईवर जखमेची नवी खूण होती.

"मी मागं शिवनवर्गात हुते," ऋतुजा म्हणाली. बोलत होती चेतनाशीच, पण सभा चिडीचूप ऐकत होती. "बाईंनी मला काढली. थोडे दिवस म्हनाल्या. मी रोज वाट बघितली. फोन आला न्हाय. मला दुसरं कोन काम देनार? दोन कारखान्यांत गेले. एक म्हनला, जेन्ट्समदी बस. जेन्ट्समदी बसले तर त्यांनी चार दिवस बी बसू दिलं न्हाय. मग सिग्नलला गेले. आमच्यातल्या थोरल्या म्हनतात, तुला देवानं टाळीच दिलीय. मी म्हनले, न्हाय, मला कॉलर येती. लई चांगली येती." ती थांबली. "अय्यो, शिव्या द्यायच्या म्हनून आले हुते. आता सुचंना."

कोणी हसलं नाही.

चेतनाला सगळं बोलता आलं असतं. बायकांची तक्रार होती, असं म्हणता आलं असतं. ते खरंच होतं. तिनं तानाबाईंकडं पाहिलं. तानाबाई मान खाली घालून पदराचा काठ ओढत होत्या. गंगाधर सरांचा हात खिशावर होता. आणि आवारापलीकडच्या खोलीतून बापाचा खोकला येत होता, कोरडा, लांब, मध्येच थांबणारा.

"तानाबाईंनी मला येऊन सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि तानाबाईंनी दचकून मान वर केली. "पण काढलं मी. त्यांनी काढ म्हटलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती, तर त्यांच्याशी बसून बोलायचं काम माझं होतं. तुझ्याशीही. मी ते केलं नाही, मला भीती वाटली. अहवालात मी लिहिलं की तू स्वतःहून गेलीस. ते खोटं आहे. आणि सात रस्त्याला मी तुला पाहिलं होतं."

"म्हाईत हाय."

"मी तोंड फिरवलं." चेतना पुढं म्हणाली. "तू गरीब होतीस, आईविना होतीस, तोवर मला तुझा पुळका होता. त्यावर मी प्रवचनं दिली असती. तू बाई आहेस म्हटल्यावर मी घाबरले. गरीब म्हणून आत घेतलं आणि बाई म्हणून बाहेर काढलं. तुला पुन्हा उपाशी मी केलं, ऋतुजा. दुसऱ्या कोणी नाही."

पटावर नसलेलं ते नाव या भिंतींमध्ये पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं गेलं. मागं कोणीतरी हुंकार दिला, कोणीतरी चप्पल शोधायला लागलं.

"मग सोमवारी येऊ का मशिनीवर?" ऋतुजानं विचारलं.

भाकरीबद्दल ती बोललीच नाही. आठवडाभर पंच ज्या भाकरीच्या तुकड्यावरून बैठका घेत होते, तो तिच्या मनात पहिला नव्हताच.

"ये," चेतना म्हणाली.

"आन् संडास?"

बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. चेतनानं नजर ऋतुजावरच ठेवली. "सगळ्यांचा आहे तोच," ती म्हणाली.

"चेतना!" सर उभे राहिले. "हा निर्णय पंचांचा आहे."

"शिवणवर्ग माझ्याकडं आहे सर. हिला काढताना मी पंचांना विचारलं नव्हतं. घेताना कशाला विचारू?"

ती सरांना असं कधीच बोलली नव्हती. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि जरा कोरडेपणानं म्हणाले, "ठीक. झालं मग. मिटलं म्हण, नंदी... मिटलं म्हण, आणि सभा संपवू."

ऋतुजानं सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळला.

"न्हाय," ती म्हणाली. "थोडे दिवस म्हनाल्या तवा बी मी मान हलवली हुती. सोमवारी मशिनीवर बसते, मग सांगते."

हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. चेतनाच्याही नव्हतं. एवढं सगळं पदर पसरून कबूल केल्यावर समोरचं माणूस क्षमा करणारच, असं ती धरून चालली होती. ती मिळाली नाही याचाच आता तिला राग आला, आणि रागापाठोपाठ लाज. दोन दिवसही थांबायची तयारी नाही आपली, आणि ती तीन महिने थांबली.

"उद्या दीडशे माणसं येतील," जोतिराम म्हणाले. "बाहेरगावाहून येतील. एकाच्या हट्टापायी त्यांना उपाशी पाठवायचं? तुमी मांडा हो प्रभुभोजनाचं मेज. कोन विचारतंय जुन्या नियमाला?"

सर फक्त चेतनाकडं बघत होते, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती, विनवणी होती. अजून वेळ गेलेली नाही, असं ते डोळे सांगत होते. चेतना सतरंजीवरून उठली.

"उद्या मेज मांडायचं नाही," ती म्हणाली.

लोक पांगले तेव्हा सर दारात थांबले. त्यांनी खिशातलं पत्र काढलं, उगाच एकदा पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं. "तू खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले. "पण मला नाही जमणार, पोरी. या वयात नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चेतनाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही.

रविवारी तिनं दीडशे माणसांना सांगितलं की पाळकाविरुद्ध एका सभासदाच्या मनात काही आहे, दोष पाळकाचा आहे, म्हणून आज भाकर नाही. तिसरा हिस्सा लोक उठून गेले. बापानं घरी विचारलं, "जूनमध्ये खोल्या सोडायच्या का मग?" ती म्हणाली, "हो बाबा, बहुतेक." बाप म्हणाला, "बरं," आणि खोकत बसला. तिला रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी आठातल्या पाचच बायका आल्या. तानाबाई आल्या होत्या. दहाला ऋतुजा आली, कोणाशी न बोलता कोपऱ्यातल्या मशिनीवर बसली, सुई बदलली, तेल घातलं आणि कॉलरीचा गठ्ठा पुढं ओढला. तिचे हात आधी जड चालले, मग सरावले. चेतना दारात उभी होती. विचारू नये हे कळत असूनही तिच्यानं राहवलं नाही.

"मिटलं का ग?"

"अजून न्हाय बाई," ऋतुजा मान वर न करता म्हणाली. "संडासला जाऊन आले की सांगते."

म्हणजे तीही त्यालाच घाबरत होती. चेतनाला हे तोवर सुचलंच नव्हतं. ती दाराला टेकून उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, आता एक बाई जरी उठून गेली तरी ही परत कधी येणार नाही.

साडेअकराला ऋतुजा उठली. साडी सारखी केली. मागच्या दाराकडं निघाली, आणि एकेक करत पाचही मशिनी थांबल्या. ऋतुजा अर्ध्यात थबकली. तिचे खांदे आवळले गेलेले चेतनाला मागून दिसत होते.

तानाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"आतली कडी लागत न्हाय नीट," त्या म्हणाल्या. आवाज रागीट होता, पण तो त्यांचा नेहमीचाच. "कवाधरनं सांगतीया ह्या बाईंना, दुरुस्त करा म्हनून. पायानं दार दाबून धर. आमी समद्या तसंच करतो."

ऋतुजानं वळून पाहिलं. "व्हय मावशी," ती म्हणाली आणि गेली. चेतनाला रडू फुटलं. तानाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, काहीतरी पुटपुटल्या, आणि त्यांची मशीन सगळ्यांच्या आधी सुरू झाली.